बातमी आली तेव्हा: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

आज कामाला सुरुवात. जग हादरवणारी बातमी आली तेव्हा माणूस कुठे होता, काय करत होता, ती त्याच्यापर्यंत कशी पोचली, हे त्याच्याच शब्दांत गोळा करायचं. घटनेची नव्हे, बातमी पोचण्याची गोष्ट. केनेडींच्या हत्येवर कपाटंच्या कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलंय. पण ती बातमी कुणी जिन्यात थबकून ऐकली, कुणी हातातलं काम टाकून शेजारच्यांचं दार ठोठावलं, हे कुठल्याच वर्तमानपत्रात नाही. ते माणसांकडेच असतं आणि त्यांच्याबरोबरच जातं.

सुरुवातीला पाच बातम्या घेतल्या आहेत: केनेडींची हत्या (१९६३), चॅलेंजर यानाचा अपघात (१९८६), प्रिन्सेस डायनाचा मृत्यू (१९९७), ११ सप्टेंबरचे हल्ले (२००१) आणि हिंदी महासागरातली त्सुनामी (२००४). सहावी जागा रिकामी ठेवली आहे. ज्याला जी बातमी विसरता येत नाही ती त्याने तिथे लिहावी.

हे कुतूहल जुनं आहे. एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह या संशोधकाने १८९९ साली छापलेल्या अभ्यासात लोकांना विचारलं होतं, लिंकन गेल्याचं कळलं तेव्हा तुम्ही कुठे होता? हत्या १८६५ ची, मध्ये तीसहून जास्त वर्षं लोटलेली. १७९ जणांपैकी १२७ जणांनी जागा, वेळ, सांगणारा माणूस, सगळं बारकाव्यांसकट सांगितलं. ती उत्तरं खरी होती का, हे ताडून बघायला त्यांच्याकडे काहीच साधन नव्हतं. माणूस इतक्या खात्रीने सांगतोय म्हणजे खरंच असणार, असं तेव्हा धरलं गेलं. आम्हाला तसं धरून चालणार नाही. पण म्हणून सांगणाऱ्याकडे संशयाने बघायचं, हेही मला मान्य नाही. या दोन्हींच्या मधून वाट कशी काढायची, याचाच विचार दिवसभर डोक्यात आहे.

१९ जानेवारी

प्रश्नावलीचा पहिला खर्डा झाला. रॉजर ब्राऊन आणि जेम्स क्युलिक यांचा १९७७ चा निबंध समोर ठेवून काम केलं. धक्कादायक बातमी कळल्याचा क्षण फोटोसारखा लख्ख मनात राहतो, त्या आठवणीला ‘फ्लॅशबल्ब स्मृती’ हे नाव त्यांनीच रूढ केलं. त्यांनी ८० अमेरिकनांना, त्यांत ४० गोरे आणि ४० कृष्णवर्णीय, वेगवेगळ्या धक्क्यांबद्दल विचारलं. केनेडींच्या बातमीची लख्ख आठवण एक जण सोडून सगळ्यांकडे होती. लोक जे सांगतात त्यात सहा गोष्टी हमखास येतात, असं त्यांना दिसलं: जागा, त्या वेळी चाललेलं काम, बातमी सांगणारा, आजूबाजूच्यांची अवस्था, स्वतःची अवस्था आणि लगेच पुढे काय झालं ते.

हे सहाही प्रश्न घेतले, पण ढकलले दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर एकच ओळ: ‘ती बातमी तुमच्यापर्यंत कशी आली, आठवेल तसं लिहा.’ खाली सगळी कोरी जागा. ‘कुणी सांगितलं?’ असं विचारलं की कुणीतरी सांगितलंच असणार असं होऊन बसतं, आणि भला माणूस उत्तर द्यायचं म्हणून एक सांगणारा उभा करतो. कोऱ्या जागेत आपणहून जे उतरतं ते मला आधी हवंय. माझ्या सहकाऱ्याला हे पटलेलं नाही. त्याच्या मते कोरं पान बघून लोक बिचकतात आणि दोन ओळी खरडून मोकळे होतात. होऊ देत. ज्याच्याकडे दोनच ओळी आहेत त्याच्याकडून पानभर काढून घ्यायचं नाही.

२ फेब्रुवारी

पहिली उत्तरं आली. बहुतेक ११ सप्टेंबरची.

वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते. बऱ्याच जणांनी लिहिलंय की टीव्ही चालू होता, डोळ्यांदेखत पहिलं विमान मनोऱ्यावर आदळलं, आणि सावरायच्या आत दुसरं. न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे पहिलं विमान आदळलं सकाळी ८:४६ ला आणि दुसरं ९:०३ ला. दुसरं जगभर थेट दिसलं, कारण तोवर सगळे कॅमेरे तिकडे वळले होते. पहिल्याचं मात्र थेट प्रक्षेपण झालंच नव्हतं, त्याचं चित्रण नंतर पुढे आलं. म्हणजे या लोकांनी ते पाहिलं हे खरं, पण त्या क्षणी नव्हे. पुढे केव्हातरी पाहिलेलं दृश्य मागे सरकून आपल्या जागी जाऊन बसलं, कारण गोष्टीत पहिलं विमान दुसऱ्याच्या आधी यायला हवं.

यात सांगणाऱ्याला कमी लेखण्यासारखं काहीच नाही. तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश त्या सकाळी फ्लोरिडातल्या सॅरासोटा इथल्या एका प्राथमिक शाळेत होते. वर्गात जाण्याआधी पहिलं विमान आदळताना टीव्हीवर पाहिलं, असं त्यांनी पुढे जाहीरपणे एकाहून अधिक वेळा सांगितलं. ते शक्यच नव्हतं. आणखी एका प्रसंगी त्यांनीच सांगितलं की ती बातमी त्यांना सल्लागाराकडून कळली. या विसंगतीवरून कटाच्या कहाण्या रचल्या गेल्या. डॅनियल ग्रीनबर्ग या संशोधकाने २००४ मध्ये या तिन्ही निवेदनांचा अभ्यास करून दाखवलं की आठवण अशीच चालते, अध्यक्षांचीही. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. तपशील चुकला म्हणजे माणूस खोटं बोलतोय, ही उडी किती सहज मारली जाते!

आजपासून प्रत्येक बातमीसाठी एक घड्याळ-तक्ता करतोय. घटना केव्हा घडली, पहिली घोषणा केव्हा झाली, कोणतं चित्रण केव्हा पहिल्यांदा दिसलं, वार कोणता होता. वेळा जागतिक प्रमाणवेळेत, आणि शेजारी सांगणाऱ्याच्या ठिकाणची वेळ.

९ फेब्रुवारी

केनेडींचा तक्ता पुरा. गोळीबार डॅलसमध्ये २२ नोव्हेंबर १९६३ ला, शुक्रवारी दुपारी १२:३० वाजता. तेव्हा आशियाच्या बऱ्याच भागात मध्यरात्र झालेली किंवा टळून गेलेली. त्यामुळे तिकडच्या कुणी ‘२२ तारखेला दुपारी ऐकलं’ असं लिहिलं तर तारीख पाठ्यपुस्तकातून आलेली आहे, आठवणीतून नाही.

‘हत्या टीव्हीवर पाहिली’ असं सांगणाऱ्यांसाठी आणखी एक टीप. अब्राहम झाप्रुडर यांच्या घरगुती कॅमेऱ्यात टिपलेलं ते दृश्य अमेरिकेच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दिसलं ते १९७५ मध्ये. पण २४ नोव्हेंबरला, केनेडींच्या हत्येच्या आरोपावरून पकडलेल्या ली हार्वी ऑस्वाल्डला गोळी घातली गेली ती मात्र थेट प्रक्षेपणात. त्या दिवसांत टीव्हीवर माणूस गोळीने कोसळताना पाहिला, ही आठवण खरी असू शकते. माणूस वेगळा.

१६ फेब्रुवारी

उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांचा अभ्यास आज पुन्हा नीट वाचला. या क्षेत्रात त्याच्याइतकं मला काहीच हलवून गेलेलं नाही, म्हणून इथे सविस्तर उतरवते.

चॅलेंजर २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. सातही अंतराळवीर गेले. त्यांच्यात क्रिस्टा मॅकऑलिफ ही शिक्षिका होती आणि अनेक शाळांमध्ये मुलं ते उड्डाण बघत बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अटलांटातल्या एमरी विद्यापीठात नायसर यांनी १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कशी कळली, कुठे होता, कोण होतं, किती वाजले होते. कागद जपून ठेवले. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना गाठून तेच पुन्हा लिहायला सांगितलं.

सात मुद्द्यांचं मोजमाप होतं. सरासरी गुण तीनच्याही खाली. अकरा जणांना शून्य. सातपैकी सात फक्त तिघांना. आणि स्वतःच्या आठवणीबद्दलची खात्री? पाचपैकी सरासरी चाराच्या वर! ज्यांना शून्य मिळालं त्यांतल्याही काहींना आपली आठवण पक्की वाटत होती. पहिल्या खेपेला साधारण पाचातल्या एकाने लिहिलं होतं की बातमी टीव्हीवर कळली. नंतर जवळजवळ निम्मे तसं म्हणाले. एका मुलीने दुसऱ्याच दिवशी लिहिलं होतं की धर्मविषयक तासाला बसलेली असताना काही जण वर्गात येऊन बोलायला लागले, तेव्हा कळलं. तीन वर्षांनी तिला आठवत होतं की ती वसतिगृहात मैत्रिणीबरोबर टीव्हीसमोर बसली होती. मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो शेवटचा भाग. विद्यार्थ्यांना त्यांचेच जुने कागद, त्यांच्याच अक्षरातले, दाखवण्यात आले. त्याने मूळ आठवण कुणाचीच परत आली नाही. कागद खरा असणार हे त्यांनी मानलं. डोळ्यांसमोरचं चित्र मात्र नवंच राहिलं.

नायसर यांचा स्वतःचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याची बातमी आली तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो, असं त्यांना अनेक वर्षं पक्कं आठवत होतं. मग एकदा लक्षात आलं की डिसेंबरात बेसबॉल नसतोच. आठवणींवरच्या त्यांच्या शंकेला इथून बळ मिळालं. पुढे दुसऱ्या दोन संशोधकांनी शोधून काढलं की त्या दिवशी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर अमेरिकन फुटबॉलचा सामना होता आणि एका संघाचं नाव ब्रुकलिन डॉजर्स, म्हणजे तिथल्या बेसबॉल संघाचंच नाव. रेडिओ होता, सामना होता, व्यत्यय आणणारी बातमी होती. खेळ तेवढा बदलला होता.

सहकारी म्हणाला, “अगं, मग आपण गोळा काय करतोय? निम्मं चुकीचंच निघणार.”

मी त्याला नायसर यांचा सामना पुढे केला. एक तपशील चुकला म्हणून अख्खी आठवण केरात टाकली असती, तर तिच्यात किती खरं होतं तेही गेलं असतं. शिवाय तपासणीत चूक निघालेली आठवणसुद्धा ती बातमी माणसाच्या आयुष्यात कुठे जाऊन बसली ते सांगते. म्हणून ठरलं: कुठल्याही उत्तरावर चूक-बरोबरची खूण करायची नाही. आठवण जशी आली तशी, एक अक्षर न बदलता. शेजारी घड्याळ-तक्ता. वाचणारा दोन्ही वाचेल.

२३ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यातली निराशा आज थोडी उतरली, कारण डेन्मार्कचा अभ्यास. डोर्थे बर्न्टसेन आणि डोर्थे थॉमसेन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला. १४५ वयस्क डॅनिश माणसं, वय ७२ ते ८९. जर्मन सैन्य देशात शिरलं तो ९ एप्रिल १९४० चा दिवस आणि मुक्तीची बातमी रेडिओवरून आली ती ४ मे १९४५ ची संध्याकाळ, यांबद्दल त्यांना विचारलं. हवा कशी होती? वार कोणता? घोषणा किती वाजता झाली? उत्तरं नोंदींशी ताडून बघितली. साठ वर्षांनंतरही ती आश्चर्य वाटावं इतकी जुळली. प्रतिकार चळवळीशी ज्यांचा संबंध होता, त्यांच्या आठवणी जास्त जिवंत आणि जास्त बिनचूक होत्या.

म्हणजे आठवण निसटतेच असं नाही. बातमी कुणाच्या आयुष्यावर किती आदळली यावर बरंच अवलंबून. मार्टिन कॉनवे आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या राजीनाम्याचा (२२ नोव्हेंबर १९९०) अभ्यास केला तेव्हा अकरा महिन्यांनंतर ब्रिटनमधल्या ८६ टक्के लोकांकडे लख्ख आठवण होती, बाहेरच्या देशांतल्या २९ टक्क्यांकडे. ब्राऊन आणि क्युलिक यांनाही हेच दिसलं होतं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची तशी आठवण कृष्णवर्णीयांतल्या तीन-चतुर्थांश लोकांकडे होती, गोऱ्यांतल्या साधारण एक-तृतीयांशांकडेच. देश तोच, वर्ष तेच, वर्तमानपत्रंही बहुधा तीच.

यामुळे प्रश्नावलीत एक भर: ‘या बातमीशी तुमचा काय संबंध होता? तिथे तुमचं कुणी होतं का?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी, आणि ‘उत्तर दिलं नाही तरी चालेल’ असं ठळक लिहून.

१ मार्च

ध्वनिमुद्रणाच्या संमतीपत्राचा मजकूर नक्की केला. दिलेली आठवण केव्हाही, कारण न सांगता परत घेता येईल.

८ मार्च

ज्यांना लिहायचा कंटाळा त्यांच्याशी समोरासमोर बोलायला सुरुवात केली. आज एका ताईंकडे गेले होते. डायनाची बातमी त्यांना शाळेत कळली होती. वर्ग भरलेला, बाई आत आल्या, फळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की डायना गेली. मागच्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. ताई सांगत होत्या तेव्हा मलाही तो वर्ग दिसत होता.

अपघात पॅरिसमध्ये ३१ ऑगस्ट १९९७ ला मध्यरात्रीनंतर झाला, पहाटे चारच्या सुमाराला मृत्यू. तो रविवार होता. शाळा सोमवारी. तोवर ती बातमी जगात कुणालाही चुकणं कठीण होतं.

विल्यम ब्रूअर या मानसशास्त्रज्ञाने याची उकल फार छान केली आहे. मोठी बातमी आपण एकदाच ऐकत नाही. आधी काहीतरी अर्धवट कानावर येतं, मग कुणीतरी खात्रीने सांगतं, मग चित्रं दिसतात, मग जवळच्या माणसाबरोबर बसून ती पुन्हा जगली जाते. यांतला एखादा प्रसंग, बहुधा सगळ्यात भरलेला, पुढे ‘पहिल्यांदा कळलं तो क्षण’ म्हणून उरतो. ताईंचा वर्ग खोटा नाही. तो सोमवार आहे. रविवारी त्यांना जे कळलं असेल त्याला ना चेहरा होता ना आवाज. त्या बातमीचा भार त्यांना जाणवला तो त्या वर्गात.

यावर सहकाऱ्याने नवा प्रश्न सुचवला: ‘त्याआधी कुठे काही ऐकलं होतं का?’ कागदावर निरुपद्रवी दिसतो, पण मी अडवला. कारण पुढची नोंद.

९ मार्च

४ ऑक्टोबर १९९२ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या बाइलमर भागात एल अल कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ रहिवासी इमारतींवर कोसळलं. दहा महिन्यांनी हान्स क्रोम्बाख आणि सहकाऱ्यांनी लोकांना विचारलं, विमान इमारतीवर आदळतानाचं टीव्हीवरचं चित्रण तुम्ही पाहिलंत का? ५५ टक्के लोक हो म्हणाले. असं चित्रण अस्तित्वातच नव्हतं. विमान आडवं आलं की उभं, इमारत लगेच पेटली की नंतर, याचीही अनेकांनी उत्तरं दिली. ब्रिटनमध्ये डायनाच्या अपघाताबद्दल असाच प्रश्न विचारला गेला, तेव्हाही ४४ टक्के लोकांनी नसलेलं चित्रण पाहिल्याचं सांगितलं.

एक प्रश्न आठवण तयार करू शकतो. एखाद्या दुर्घटनेची चौकशी, न्यायालयातली साक्ष, आणि आमच्यासारखं हौशी काम, सगळीकडे ही जोखीम सारखीच. म्हणून आता ‘टीव्हीवर पाहिलंत का’, ‘आधी ऐकलं होतंत का’, ‘रडायला आलं का’, असे हो-नाहीचे सगळे प्रश्न काढून टाकले. मुलाखतीत विचारायला तीनच वाक्यं उरली: ‘मग?’ ‘अजून काही आठवतंय?’ ‘त्याच्या जरा मागे जाऊ या का?’ एवढ्यावर माणसं तासभर बोलतात.

२२ मार्च

‘तेव्हा काय वाटलं’ या रकान्याचं काय करावं, यावर दिवस गेला. विल्यम हर्स्ट, एलिझाबेथ फेल्प्स आणि मोठ्या गटाने ११ सप्टेंबरनंतर आठवड्याभरात अमेरिकेतल्या अनेक शहरांत मिळून तीन हजारांवर लोकांकडून लिहून घेतलं. मग साधारण एक, तीन आणि दहा वर्षांनी पुन्हा. विसरणं सगळ्यात वेगाने झालं पहिल्या वर्षात. नंतर आठवण घट्ट बसली, मग ती बरोबर असो वा चुकीची. चुकीचा तपशील पुढेही तसाच येत राहिला. आणि सगळ्यात वाईट टिकलं ते काय? जागा नव्हे, सांगणारा नव्हे. स्वतःच्या भावना.

मला हे अगदी उलट वाटलं असतं. पण उत्तरं चाळली तर पटतं. ‘जग बदललं हे त्याच क्षणी कळलं’ असं वाक्य किती जणांनी लिहिलंय! ८:४६ ला कुणालाच काही कळलं नव्हतं. छोटं विमान चुकून धडकलं असावं, असंच पहिल्या काही मिनिटांत वाटलं होतं. आज जे वाटतं ते त्या दिवशीच्या अंगावर चढवलं जातं. हा रकाना तरीही ठेवणार आहे. मात्र त्याच्या माथ्यावर लिहिल्याची तारीख आलीच पाहिजे. २०२५ मध्ये २००१ बद्दल काय वाटतं, एवढंच तो सांगतो, आणि तेही ऐकण्याजोगं आहे.

आणखी एक रकाना: ‘ही आठवण याआधी कुणाकुणाला सांगितली आहे?’ वारंवार सांगितलेली गोष्ट सांगण्याच्या ओघात घडत जाते, तिचे शब्द ठरून जातात. कधीच न सांगितलेली आठवण अडखळत येते. दोन्ही वेगळ्या वाचाव्या लागतात.

५ एप्रिल

एका घरातली दोन भावंडं, एकच खोली, एकच संध्याकाळ. थोरला लिहितो, फोन मी घेतला आणि ओरडून सांगितलं. धाकटी लिहिते, फोन मी घेतला. दोघांनी एकमेकांचं वाचलेलं नाही. फोन करणारी मावशी आता नाही.

धाकटीने विचारलं, “दादाने काय लिहिलंय?” मी सांगितलं नाही. सांगितलं की एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीत झिरपते, आणि घरात जो जास्त ठामपणे बोलतो त्याची गोष्ट घराची होते. आता नियमच केला आहे: एका घरातल्या सगळ्यांचं लिहून झाल्याशिवाय कुणालाच कुणाचं दाखवायचं नाही. संग्रहात दोन्ही फोन राहतील. माझ्या वाचण्यात या दोन पानांइतकं बहीण-भावांबद्दल सांगणारं दुसरं काही आलं नाही.

१९ एप्रिल

सहाव्या जागेत अनेकांनी कोविड लिहिलाय, आणि तिथे प्रश्नावली अडते. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला ही जागतिक साथ असल्याचं म्हटलं, पण ते ऐकतानाचा क्षण जवळजवळ कुणाकडे नाही. लोक लिहितात ते शेवटच्या साध्या दिवसाबद्दल: शेवटचा हस्तांदोलनाचा प्रसंग, गर्दीत शेवटचं बसणं. तेव्हा तो शेवटचा आहे हे माहीत नव्हतं, म्हणजे लख्ख व्हायला त्या दिवशी काहीच कारण नव्हतं. नंतर उजेड पाडला गेलाय.

त्सुनामीचंही थोडंफार असंच. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ समुद्रात भूकंप झाला. पहिली बातमी भूकंपाची. मग लाटा, मग एकेका देशातून येणारे आकडे, दिवसेंदिवस वाढणारे, दोन लाखांच्या पलीकडे जाईपर्यंत. धक्का एकदम बसला नाही, चढत गेला. अशा बातम्यांसाठी पहिल्या पानावरचं वाक्य बदललं: ‘ही बातमी किती मोठी आहे हे तुम्हाला केव्हा उमगलं?’

३ मे

या कामातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आज मार्गी लागला: त्याच दिवशी लिहायचं पान.

जेनिफर तालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी १२ सप्टेंबर २००१ ला ड्यूक विद्यापीठातल्या ५४ विद्यार्थ्यांकडून दोन गोष्टी लिहून घेतल्या. हल्ल्याची बातमी कशी कळली, आणि त्याच सुमाराचा स्वतःच्या आयुष्यातला एक साधा प्रसंग. पुढे काहींना आठवड्याने, काहींना सहा आठवड्यांनी, काहींना बत्तीस आठवड्यांनी पुन्हा विचारलं. दोन्ही आठवणी सारख्याच वेगाने विस्कटल्या. फरक एकच: साध्या प्रसंगावरचा विश्वास ओसरला, हल्ल्याच्या आठवणीवरचा ओसरला नाही. त्या साध्या प्रसंगाची जोड नसती तर हे कधीच दिसलं नसतं.

आमचं पान त्याच धर्तीवर. एका बाजूला बातमी, दुसऱ्या बाजूला त्याच दिवसाची कुठलीही क्षुल्लक गोष्ट. वर तारीख आणि वेळ. चोवीस तासांत लिहायचं, पाकिटात बंद करायचं, वर्षाने न उघडता पुन्हा लिहायचं, मग दोन्ही शेजारी ठेवायचे. कोरी पानं इच्छुकांना आधीच देऊन ठेवायची, कारण बातमी आल्यावर कुणाला कागद शोधायचं सुचत नाही. फोनमध्ये संदेशांच्या वेळा असतातच, त्या उतरवून घ्याव्यात. समोरच्या माणसाचे शब्द मात्र त्याला विचारल्याशिवाय नकोत.

एक गोष्ट पानावर सगळ्यात वर, जाड अक्षरांत घातली आणि तिच्यावर मी तडजोड करणार नाही: ‘तुमचं कुणी तिथे असेल, तर हे पान बाजूला ठेवा.’ ज्याचा जीव टांगणीला लागलाय त्याच्यापुढे प्रश्नावली धरण्याचा हक्क कुठल्याच अभ्यासाला नाही.

१७ मे

एका काकांचा फोन आला. केनेडींची आठवण त्यांनी फेब्रुवारीतच लिहून दिली होती: घरातला रेडिओ, त्याच्याकडे वाकलेले वडील, वडिलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलेलं. आता त्यांना शाळकरी वयातली रोजनिशी सापडली आहे. २३ नोव्हेंबर १९६३, शनिवार: शाळेच्या वाटेवर मित्राने सांगितलं की अमेरिकेच्या अध्यक्षांना मारलं. वडील त्या महिन्यात कामासाठी परगावी होते, हेही त्याच पानावर.

“आधी लिहून दिलंय ते काढून टाका म्हणतो,” काका म्हणाले.

मी म्हटलं, “काका, तुम्ही म्हणाल तसं करू. पण दोन्ही ठेवली तर?”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की वडील असे रेडिओवर वाकून दुसरी कुठलीतरी बातमी ऐकत असतील, ते दृश्य कुठून आलं हे आता कळायचं नाही, पण वडिलांचा तो वर केलेला हात दुसऱ्या कुठल्याच आठवणीत नाही. तो राहू दे.

तर आता त्यांच्या नावावर तीन नोंदी आहेत, तिन्ही तारखेसह: १९६३ ची रोजनिशी, फेब्रुवारीतलं लेखन आणि आजचं बोलणं, त्यांच्या संमतीने शब्दशः. संग्रहाच्या मांडणीत यासाठी सोय नव्हती, एका माणसाला एकच पान होतं. सहकारी आज रात्री ती मांडणी बदलतोय. पुढच्या आठवड्यापासून प्रत्येकाला हवी तितकी पानं जोडता येतील, कितीही वर्षांनी, आणि आधीचं कुठलंही पान पुसलं जाणार नाही. ताईंना आणि त्या दोन भावंडांना तसं कळवायचं आहे.